वाचकांचे प्रश्न : अफूचे युद्ध आणि चहाचा हिशेब

ब्रिटन आणि छिंग साम्राज्य यांच्यातल्या पहिल्या अफू युद्धावरचा (१८३९ ते १८४२) लेख आम्ही मागील अंकात छापला होता. त्यात भर होता जहाजांवर आणि लढायांवर. युद्ध मुळात का झाले, हे वाचकांनी पत्रांतून विचारले. त्यातले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : चीनने इंग्रजांची अफू जाळली आणि त्यावरून युद्ध पेटले, असे आम्ही शाळेत शिकलो. कारण एवढेच होते का?

अफू जाळली नव्हती, मीठ आणि चुना घालून पाण्यात जिरवली होती. ती रीत पुढे एका उत्तरात दिली आहे. ठिणगी तीच, हे खरे. पण अफूच्या त्या पेट्या खासगी व्यापाऱ्यांच्या होत्या, ब्रिटिश सरकारच्या नव्हत्या, आणि चीनच्या कायद्याने तो माल चोरटा होता. परक्या देशात आपल्या लोकांचा चोरटा माल जप्त झाला म्हणून कोणी सहसा आरमार धाडत नाही. मग ब्रिटनने ते का धाडले?

आमचे उत्तर असे. त्या काळी लंडन, कलकत्ता आणि ग्वांगचौ (म्हणजे जुने कँटन) यांच्यात पैशांची एकच फिरती साखळी होती. चहासाठी चांदी लागे, चांदी अफूतून येई, अफू हिंदुस्थानात तयार होई आणि हिंदुस्थानातला ईस्ट इंडिया कंपनीचा पैसा चहाच्या रूपाने लंडनला पोहोचे. अफू ही या साखळीतली एक कडी होती. चिनी दरबाराने तीच कडी पकडली, आणि ओढ सगळ्या साखळीला बसली. त्यातच एका ब्रिटिश अधिकाऱ्याने एक सही अशी केली, की व्यापाऱ्यांचे नुकसान हे ब्रिटिश सरकारचे देणे होऊन बसले. पुढची उत्तरे या दोन गोष्टी उलगडण्यासाठी आहेत.

प्रश्न : चहासारख्या पेयासाठी एवढा मोठा देश अडून बसेल, हे पटत नाही. चहाच्या बदल्यात ब्रिटन स्वतःचा माल का देत नव्हता?

ब्रिटनच्या तिजोरीला चहा लोकांइतकाच हवा होता. १७८४ साली संसदेने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरटी आयात मोडायची होती, ती मोडली आणि कायदेशीर चहाचा खप झपाट्याने वाढला. पुढे फ्रान्सबरोबरच्या युद्धांच्या खर्चापायी हाच कर चढत चढत शंभर टक्क्यांपर्यंत गेला, तरी चहा पिणे काही सुटले नाही. १८३०च्या दशकात ब्रिटन वर्षाला साधारण तीन कोटी पौंड वजनाचा चहा घेत होता आणि सरकारी महसुलाचा सुमारे दहावा हिस्सा एकट्या चहाच्या करातून येत होता. वर्षभर पुरेल एवढा चहा गुदामात शिल्लक ठेवावा, असे ईस्ट इंडिया कंपनीवर कायद्याचे बंधनच होते. दुसरा पुरवठादार म्हणावा तर आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव जानेवारी १८३९ मधला, आणि त्यात पेट्या होत्या अवघ्या आठ.

देण्याच्या बाजूला मात्र पारडे हलके. कंपनी लोकरी कापड नेई. दक्षिण चीनच्या उष्ण हवेत ते बहुधा तोट्यातच जाई. तरी ते नेणे बंद करता येत नसे, कारण कंपनीची सनद संसदेच्या हाती होती आणि संसदेत लोकर-धंद्याचे वजन होते. शिसे, कथील थोडेफार खपे. त्यातल्या त्यात चालणारा माल होता मुंबईहून जाणारा कापूस, पण चीनमध्ये पीक चांगले आले की त्याचा भाव पडे. उरलेली फेड चांदीच्या स्पॅनिश डॉलरांत करावी लागे, आणि ती चांदी मेक्सिको-पेरूच्या खाणींतून येणारी. अफू या रिकाम्या जागेत बसली.

प्रश्न : अफू विकून आलेल्या चांदीचा चहा होतो आणि तो पैसा पुन्हा लंडनला जातो, हे नेमके कसे घडत होते? टप्प्याटप्प्याने सांगावे.

सुरुवात बिहार आणि बनारस भागातल्या शेतापासून. कंपनीने १७७३ साली बंगालच्या अफूचा मक्ता आपल्या हाती घेतला आणि १७९७ पासून उत्पादनही थेट आपल्या एजंटांकडे ठेवले. शेतकऱ्याला पेरणीआधी आगाऊ रक्कम मिळे. ती एकदा घेतली की बोंडांचा सगळा चीक ठरलेल्या भावाने कंपनीलाच घालावा लागे. पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत त्याचे सुमारे एक किलो सहाशे ग्रॅमचे गोळे वळत, त्यावर खसखशीच्या पाकळ्यांच्या पापुद्र्यांचे कवच चढवत, आणि असे चाळीस गोळे एका पेटीत भरत. म्हणजे भरलेल्या पेटीत साधारण ६४ किलो अफू.

पेट्या कलकत्त्याला लिलावात विकल्या जात, आणि कंपनीचा अफूशी उघड संबंध तिथेच संपे. चहा वाहणाऱ्या आपल्या जहाजांवर अफू चढवायला तिने बंदी घातली होती; नाहीतर चिनी अधिकाऱ्यांनी चहाच अडवला असता. लिलावात माल घेणारे खासगी व्यापारी कंपनीच्याच परवान्याने तो चीनकडे नेत. ही पळवाट किती विचारपूर्वक आखलेली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही.

१८२१च्या धरपकडीनंतर अफूची जहाजे नदीत आत येईनाशी झाली. मोती नदीच्या मुखाजवळच्या लिंटिन बेटापाशी जुनी जहाजे कायमची नांगरून ठेवली गेली, तीच तरंगती गुदामे. चिनी घाऊक व्यापारी ग्वांगचौमध्ये विदेशी पेढीवर रोख चांदी मोजून चिठ्ठी घेई. ती चिठ्ठी लिंटिनच्या जहाजावर दाखवली की गोळे पेटीतून काढून, तपासून, चटयांच्या पोत्यांत भरून दिले जात. पुढे चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या वेगवान होड्या तो माल खाड्यांतून आत नेत. गस्तीच्या अधिकाऱ्यांना पेटीमागे ठरलेली रक्कम पोहोचे. उधारी नाही, तक्रार नाही, जकात नाही.

आता चांदी व्यापाऱ्याच्या हाती आली. ती जहाजात भरून नेणे धोक्याचे, शिवाय विम्याचा खर्च. म्हणून तो ती ग्वांगचौमधल्या कंपनीच्या तिजोरीत भरी आणि लंडनवरची किंवा कलकत्त्यावरची हुंडी घेई. कंपनी त्याच चांदीने चहा विकत घेई, चहा लंडनला जाई, तिथे विकला जाई आणि त्या पैशातून हुंडी वठे. हिंदुस्थानच्या कारभारापोटी इंग्लंडला जो पैसा दरसाल पाठवावा लागे, तोही मोठ्या प्रमाणात याच वाटेने चहा होऊन पोहोचत असे. पुढे अमेरिकन व्यापारीही चांदीऐवजी लंडनवरच्या हुंड्या घेऊन चहा खरेदीला येऊ लागले, आणि अफूवाले त्या हुंड्या आनंदाने विकत घेऊ लागले.

या सगळ्या व्यवहारात एकच टप्पा बेकायदा होता, लिंटिनचा. बाकीचे सगळे टप्पे त्याच्या जोरावर चालत.

प्रश्न : ग्वांगचौचे व्यापारी नियम फार जाचक होते, असे इंग्रज म्हणत. हे नियम काय होते, आणि तक्रारीत तथ्य किती?

१७५७ पासून युरोपीय व्यापाराला चीनमध्ये ग्वांगचौ हे एकच बंदर मोकळे होते. जहाज आले की आधी मकावहून वाटाड्या घ्यायचा, मग नदीच्या मुखावरच्या हुमेनच्या किल्ल्यांमधून वर येऊन व्हाम्पोआ या धक्क्याला नांगर टाकायचा. तिथे जकात अधिकारी जहाजाची लांबी-रुंदी मोजून आकारणी करी. वर ठरीव ‘नजराणा’ जहाजामागे १,९५० ताएल (चांदी मोजायचे चिनी माप) असे. त्याशिवाय सरकारमान्य हाँग व्यापाऱ्यांपैकी एकाने त्या जहाजाचा जामीन व्हायचे. जहाजाचा कर असो की खलाशांचा दंगा, जबाबदार तो जामीनदार. या व्यापाऱ्यांच्या मंडळाला कोहोंग म्हणत. विदेशी लोकांनी हंगामापुरते वखारीत राहायचे, हंगाम संपला की मकावला परतायचे. वखारीत बायकांना आणायचे नाही, शस्त्रे ठेवायची नाहीत, चिनी माणसाकडून भाषा शिकायची नाही.

जाच होता, पण इंग्रजांनी रंगवला तितका नव्हता, असे आम्हाला वाटते. या चौकटीत शंभर-सव्वाशे जहाजे वेळेवर भरून निघत, आणि कोहोंगचा प्रमुख हाऊक्वा याच्या शब्दावर लाखोंचे व्यवहार होत. खरी दुखणी दोन होती.

पहिले दुखणे कर्जाचे. चहाची आगाऊ खरेदी, अधिकाऱ्यांच्या मागण्या आणि दरबारच्या देणग्या यांनी हाँग व्यापाऱ्यांचे भांडवल आटे. मग ते विदेशी व्यापाऱ्यांकडून भारी व्याजाने पैसे उचलत, जरी सरकारची त्याला बंदी होती. एक पेढी बुडाली की तिचे देणे साऱ्या मंडळावर पडे. ते फेडायला व्यापारावर पट्टी बसे. पट्टीमुळे विदेशी व्यापारी कुरकुरत. १८३७ मध्ये बुडालेल्या एका पेढीचे देणे वीस लाख डॉलरांच्या वर होते. ही थकबाकी पुढे थेट तहात उतरली.

दुसरे दुखणे १८३४ साली उद्भवले. संसदेने कंपनीचा चीनमधला मक्ता रद्द केला. तोवर ‘व्यापाऱ्यांचा मुख्य’ म्हणून कंपनीची समिती कोहोंगशी बोलत असे. व्यापारी व्यापाऱ्याशी बोलतो आहे, त्यात दोन्ही बाजूंची प्रतिष्ठा सांभाळली जाई. आता तिच्या जागी ब्रिटिश राजाचा अधिकारी आला, लॉर्ड नेपियर. तो जुलै १८३४ मध्ये परवानगीशिवाय ग्वांगचौला पोहोचला आणि प्रांताधिकाऱ्याच्या नावे थेट पत्र घेऊन गेला. कोहोंगमार्फत दिलेला ‘अर्ज’च स्वीकारायचा, ही तिथली रीत, पत्र कोणी हातात घेईना. व्यापार बंद झाला, नेपियरने दोन युद्धनौका किल्ल्यांवर गोळीबार करत आत आणल्या, तरी अखेर त्यालाच मागे फिरावे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये तो मकावला तापाने मेला. कालपर्यंत व्यापाऱ्याचा अपमान तो व्यापाऱ्याचाच असे. यापुढे तो राज्याचा अपमान ठरणार होता. युद्धाच्या कारणांत हा बदल आम्ही फार वरचा मानतो.

प्रश्न : सम्राटापुढे गुडघे टेकून डोके टेकवायला इंग्रज वकिलांनी नकार दिला, तेच युद्धाचे मूळ, असे वाचले. खरे आहे का?

हे मत १८४१ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी जाहीर भाषणात मांडले होते, तेव्हापासून ते फिरते आहे. आम्हाला ते पटत नाही. १७९३ मध्ये ब्रिटिश वकील मॅकार्टनीने सम्राट छ्येनलुंगपुढे एक गुडघा टेकला आणि भेट पार पडली; अडले ते त्याच्या मागण्यांवर. आणखी बंदरे उघडा, पेकिंगमध्ये आमचा प्रतिनिधी राहू द्या, किनाऱ्याजवळ एक बेट द्या, जकातीचे दर लिहून जाहीर करा. या मागण्यांची यादी १८४२च्या तहाशेजारी ठेवून पाहावी. पेकिंगमधला प्रतिनिधी वगळता जवळजवळ सगळे तेच आहे.

प्रश्न : या व्यापारात मुंबईचा आणि माळव्याचा भाग किती होता?

मोठा होता, आणि युद्धाच्या कारणांत तो नेहमी दुर्लक्षित राहतो.

कंपनीचा मक्ता बंगालच्या अफूपुरता होता. माळव्यात इंदूर-उज्जैनच्या आसपास, होळकर-शिंद्यांच्या मुलखात आणि शेजारच्या संस्थानांत पिकणारी अफू तिच्या हाताबाहेर होती. ती गोळ्यांऐवजी वड्यांच्या आकारात येई, बंगालच्या अफूपेक्षा स्वस्त पडे आणि चीनमध्ये तिला गिऱ्हाईक वाढत गेले. १८१८ नंतर माळव्यावर इंग्रजांची पकड बसली, तेव्हा कंपनीने ही स्पर्धा मोडायचा प्रयत्न केला: कधी स्वतःच माल खरेदी करून, कधी संस्थानिकांशी करार करून. सावकार आणि वाहतूकदार त्याला पुरून उरले. मुंबईची वाट अडवली की माल पाली, जैसलमेर, कराचीमार्गे उंटांवरून आणि गलबतांवरून फिरून पोर्तुगीजांच्या दमणला पोहोचे आणि तिथून चीनला निघे. वळसा प्रचंड, तरी नफा शिल्लक राहत होता.

शेवटी १८३०-३१ मध्ये कंपनीने हात टेकले आणि परवाना-जकात सुरू केली. पेटीमागे १७५ रुपये भरा आणि खुशाल मुंबईहून न्या. एवढा दर भरण्यापेक्षा अनेकांना दमणचा वळसाच परवडत होता, म्हणून १८३५ मध्ये तो १२५ रुपयांवर उतरवला. मग माल मुंबईकडे वळला. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि हाच दर काही वर्षांत ४०० रुपयांवर चढवता आला.

युद्धाशी याचा संबंध असा. माळव्याच्या स्पर्धेला उत्तर म्हणून कंपनीने बंगालमध्ये लागवड वाढवली. दोन्हीकडून पुरवठा वाढला, भाव उतरला आणि चीनमध्ये अफू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. शतकाच्या आरंभी वर्षाला चार-पाच हजार पेट्या जात. १८३०च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा ३५ ते ४० हजारांच्या घरात गेला. चिनी दरबार हादरला तो या उडीमुळे.

मुंबईतल्या अनेक पारशी आणि इतर पेढ्यांचे भांडवल यात गुंतले होते. जमशेटजी जीजीभॉय हे जार्डिन-मॅथेसन पेढीचे मोठे भागीदार-अडते. १८०५ साली फ्रेंचांनी ‘ब्रन्झ्विक’ जहाज पकडले, तेव्हा जमशेटजी आणि जहाजाचा डॉक्टर विल्यम जार्डिन दोघेही त्यावर होते, ओळख तिथली. १८३९ मध्ये जप्त झालेल्या पेट्यांत हिंदुस्थानी मालकांचा वाटा मोठा होता, त्यामुळे नुकसानभरपाईच्या मागणीत मुंबईचाही आवाज मिसळला होता.

प्रश्न : अफूवर बंदी तर १७२९ पासून होती. मग शंभर वर्षांनी एकदम कडक कारवाई का?

चांदीमुळे. १७२९चे फर्मान सम्राट योंगझेंगचे, ओढण्यासाठी अफू विकण्याविरुद्ध. शतकाच्या शेवटी आयातीवरही बंदी आली. ही फर्माने दर काही वर्षांनी पुन्हा काढली जात आणि लाच देऊन चुकवली जात. १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र चित्र उलटले. पूर्वी चीनमध्ये येणारी चांदी आता बाहेर वाहू लागली.

शेतकऱ्याला याची झळ कशी बसे, ते हिशेबाने पाहू. त्याची कमाई तांब्याच्या नाण्यांत, कर मात्र चांदीत आकारलेला. शतकाच्या सुरुवातीला एका ताएल चांदीला हजाराच्या थोडी वर नाणी पडत. १८३८च्या सुमारास १,६००च्या वर पडू लागली. तीन ताएल कर असलेल्या कुळाला पूर्वी तीन-सव्वातीन हजार नाणी पुरत, आता ४,८००हून जास्त. सरकारने कर एक छदामही वाढवलेला नाही, आणि तरी बोजा दीडपट. वसुली थकते, प्रांताचा भरणा तुटतो, मिठाच्या मक्तेदारांना देणे झेपत नाही, शिपायांचा पगार खरेदीत कमी पडतो.

सगळी चांदी अफूनेच नेली, असे मात्र मानू नये. लॅटिन अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धांमुळे १८१० नंतर तिथल्या खाणींचे उत्पादन घसरले होते आणि जगभर चांदीचा तुटवडा होता. चीनमध्ये पाडलेली तांब्याची नाणीही हलकी होत चालली होती, त्यामुळेही चांदी महाग दिसे. दरबाराला डोळ्यांपुढे दिसत होती ती लिंटिनची गुदामे.

१८३६ मध्ये शू नायजी या अधिकाऱ्याने सम्राट दाओग्वांगला वेगळा उपाय सुचवला. अफूला औषध म्हणून जकात लावून परवानगी द्यावी, व्यवहार फक्त मालाच्या अदलाबदलीने व्हावा, देशात लागवड होऊ द्यावी, आणि अधिकारी-शिपायांना मात्र बंदी असावी. चांदी वाचवण्याचा हा सरळ विचार होता. इतर अधिकाऱ्यांनी नीतीच्या आणि शिस्तीच्या मुद्द्यावर तो हाणून पाडला. पण बातमी फुटली, विदेशी व्यापाऱ्यांनी अफू कायदेशीर होणार असे धरून जास्त माल मागवला, आणि झाले उलटे. १८३८ मध्ये ह्वांग ज्युएझी याने एक वर्षाची मुदत देऊन मग ओढणाऱ्यालाच देहदंड द्यावा, असा अर्ज केला. सम्राटाने प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांची मते मागवली. बहुसंख्य विरोधात होते, पाठिंबा थोड्यांचा. त्या थोड्यांत लिन झेशू होता. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याची ग्वांगचौसाठी विशेष आयुक्त म्हणून नेमणूक झाली.

प्रश्न : लिनने इतकी अफू कशी मिळवली, आणि नष्ट कशी केली?

लिन १० मार्च १८३९ रोजी ग्वांगचौला पोहोचला. १८ मार्चला हुकूम निघाला: तीन दिवसांत सगळी अफू सुपूर्द करा आणि यापुढे आणणार नाही असे हमीपत्र लिहून द्या. व्यापाऱ्यांनी हजारभर पेट्या देऊ केल्या. त्या त्याने मान्य केल्या नाहीत. २४ मार्चला ब्रिटिश व्यापार अधीक्षक कॅप्टन चार्ल्स इलियट मकावहून वखारीत येऊन दाखल झाला. त्याच दिवशी वखारींना वेढा पडला, चिनी नोकर-आचारी काढून घेतले गेले, सुमारे साडेतीनशे विदेशी आत अडकले.

२७ मार्चला इलियटने ती सही केली. ब्रिटिश सरकारच्या वतीने त्याने आपल्या व्यापाऱ्यांना हुकूम दिला की अफू माझ्या स्वाधीन करा, सरकार जबाबदार राहील. व्यापाऱ्यांनी एवढ्या चटकन होकार का दिला? कारण धरपकडीमुळे कित्येक महिने बाजार ठप्प होता, माल पडून होता आणि भाव कोसळला होता. न खपणाऱ्या मालाला एकदम ब्रिटिश खजिन्याची हमी मिळत होती. आकडा ठरला २०,२८३ पेट्या. इलियटला अशी हमी देण्याचा अधिकार लंडनने दिलेला नव्हता.

नष्ट करण्याचे काम ३ जून १८३९ पासून तीन आठवडे हुमेनला चालले. अफू जाळली तर वितळून जमिनीत मुरते आणि लोक ती माती खणून पुन्हा अर्क काढतात, हा जुना अनुभव होता. म्हणून समुद्राकाठी दगड-फळ्यांनी बांधलेली मोठी टाकी खोदली. त्यात पाणी सोडून मीठ टाकायचे, गोळ्यांचे तुकडे करून अर्धा दिवस भिजत घालायचे, मग कळीचा चुना ओतायचा. चुन्याने पाणी उकळू लागले की मजुरांनी फळ्यांवर उभे राहून ढवळत राहायचे. ओहोटी लागताच दार उघडून गाळ समुद्रात सोडायचा आणि टाके घासून धुवायचे, म्हणजे कोणी खरवडून नेणार नाही. पाचशेच्या आसपास मजूर राबत होते आणि चोरी होऊ नये म्हणून पहारा होता. हजार टनांहून जास्त अफू अशी गेली. समुद्र विटाळतो म्हणून लिनने आधी समुद्रदेवतेची प्रार्थना केली होती. एवढ्या मौल्यवान मालातला तुकडाही इकडचा तिकडे न होऊ देणारी ही व्यवस्था आम्हाला फार मोठी वाटते.

प्रश्न : अफू मिळाली, नष्टही झाली. मग वाद तिथेच का मिटला नाही?

हमीपत्रामुळे. यापुढे कोणत्याही जहाजावर अफू सापडली तर माल जप्त आणि आणणाऱ्याला चिनी कायद्याने देहदंड, हे जहाजागणिक लिहून द्यायचे होते. इलियटला हे मान्य नव्हते. इंग्रजांच्या मनात १७८४ची आठवण ताजी होती: ‘लेडी ह्यूज’ जहाजाच्या सलामीच्या तोफेने दोन चिनी माणसे मेली, तोफ डागणारा गोलंदाज चिन्यांच्या स्वाधीन केला गेला आणि त्याला गळा आवळून देहदंड देण्यात आला.

७ जुलैला काउलूनमध्ये दारू प्यालेल्या खलाशांच्या मारहाणीत लिन वेशी हा गावकरी मेला. आयुक्त लिनने गुन्हेगार मागितला. इलियटने जहाजावर स्वतःच न्यायालय भरवले आणि कोणालाही स्वाधीन केले नाही. लिनने अन्न-पाणी तोडले, इंग्रजांना मकाव सोडून हाँगकाँगच्या खाडीत जहाजांवर राहावे लागले, आणि ४ सप्टेंबरला रसद मिळवण्यावरून काउलूनला पहिली चकमक झाली. मग ‘थॉमस काउट्स’ या ब्रिटिश जहाजाने इलियटला न जुमानता हमीपत्र लिहून दिले. ३ नोव्हेंबरला दुसरे जहाज, ‘रॉयल सॅक्सन’, त्याच मार्गाने निघाले तेव्हा ब्रिटिश युद्धनौकांनी स्वदेशाच्याच जहाजापुढे इशाऱ्याचा गोळा टाकला. चिनी नौका मध्ये आल्या आणि छ्वानबीची लढाई झाली. हमीपत्र देऊन अफूशिवाय व्यापार चालू शकत होता, हे या दोन जहाजांवरून दिसते.

लंडनमध्ये तोवर निर्णय होऊन गेला होता. कापडाच्या गिरण्यांना चीनची बाजारपेठ हवी होती. मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने १८३६ मध्येच सरकारकडे तसा अर्ज केला होता. जार्डिनने परराष्ट्रमंत्री पामर्स्टनला भेटून किनाऱ्याचे नकाशे आणि किती जहाजे लागतील याचा आराखडा दिला. इलियटच्या हमीचे वीस लाख पौंडांहून अधिक देणे खजिन्यावर येणार होते आणि ते भरायला सरकार तयार नव्हते. चीनकडून वसूल करणे हा मार्ग १ ऑक्टोबर १८३९च्या मंत्रिमंडळ बैठकीत ठरला. एप्रिल १८४० मध्ये संसदेत सरकारवर ठपका ठेवणारा ठराव आला, तरुण खासदार ग्लॅडस्टनने युद्धाला कडाडून विरोध केला, आणि २७१ विरुद्ध २६२ मतांनी तो ठराव पडला. नऊ मतांचा फरक.

प्रश्न : तहात अफूचा उल्लेखच नाही, हे खरे का?

अफूच्या व्यापाराचा नाही. २९ ऑगस्ट १८४२च्या नानकिंग तहात २ कोटी १० लाख डॉलरांची मागणी आहे: ६० लाख जप्त अफूचे, ३० लाख हाँग व्यापाऱ्यांच्या थकबाकीचे, १ कोटी २० लाख युद्धखर्चाचे. पाच बंदरे खुली, कोहोंगचा मक्ता रद्द, जकातीचे ठरीव दर, समान दर्जाच्या अधिकाऱ्यांत थेट पत्रव्यवहार, आणि हाँगकाँग. नेपियरचे पत्र, बुडालेली पेढी, मॅकार्टनीची यादी, सगळे त्यात सापडते. अफू चीनमध्ये बेकायदाच राहिली आणि आणखी वाढली. जकात लावून ती कायदेशीर झाली ती दुसऱ्या युद्धात, १८५८ साली, पिकलमागे (सुमारे साठ किलोंमागे) ३० ताएल दराने.

प्रश्न : वेगवेगळ्या पुस्तकांत आकडे जुळत नाहीत. ताएल, डॉलर, पेटी, पिकल यांचा मेळ कसा घालायचा?

एक पिकल म्हणजे १०० कॅटी (चिनी जिन), सुमारे ६०.५ किलो. माळव्याची पेटी साधारण एक पिकलची, बंगालची थोडी जड. म्हणून नुसता पेट्यांचा आकडा वजनात बदलताना माल कुठला ते आधी पाहावे. एक स्पॅनिश डॉलर ०.७२ ताएल धरावा, आणि ढोबळ मानाने तीन ताएल म्हणजे एक पौंड. ६० लाख डॉलरांना २०,२८३ने भागले तर पेटीमागे २९६ डॉलर येतात.

सर्वात मोठा घोळ होतो तो जिनमुळे. हुमेनला नष्ट केलेली अफू चिनी नोंदींत सुमारे २३ लाख ७६ हजार जिन आहे. आजचा जिन ५०० ग्रॅमचा, म्हणून काही पुस्तके १,१८८ टन लिहितात. छिंग काळातला जिन ६०० ग्रॅमच्या जवळ होता, त्या मापाने आकडा १,४०० टनांच्या वर जातो. टनांत आकडा दिसला की लेखकाने कोणता जिन धरला ते तपासावे.